खंदकाचे नऊ फूट

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या वॉर्डातून फोन आला. काका गेले होते. मी एडिनबराला त्यांच्या मुलीला कळवलं, लायब्ररीत रजा सांगितली, आणि मग रविवारी खंदकाचं पाणी कोण मोजणार, असा विचार माझ्या मनात आला.

पुढे बरेच दिवस मला त्या विचाराची लाज वाटत होती. काकांना वाटली नसती. त्यांनी उलट विचारलं असतं, "मग? ठरलं का कोण मोजणार?"

ते माझे घरमालक. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये रेल्वेच्या रुळांकडे पाठ करून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेत त्यांचं घर होतं. त्या घरातल्या वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत मी सात वर्षं राहिले. नागपूरहून इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला आले, तेव्हा दुसरीकडे सोय होईपर्यंत सहा महिने काढू, असं ठरवून मी ती खोली बघायला गेले होते. काकू जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. काकांनी मला तीन प्रश्न विचारले. सकाळी आंघोळ किती वाजता करतेस? मेथी खातेस का? आणि तिसरा, "हात न लावता बघता येतं का तुला?"

मला वाटलं, घरातल्या वस्तूंविषयी विचारताहेत. मी म्हटलं, "काका, मी लायब्ररीत काम करते. पुस्तकाला हात लावावाच लागतो."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "बरोबर आहे. पण पान फाडत नाहीस ना?"

"नाही."

"मग घे खोली."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय ग्रंथपाल, चहा टाकू का?" असं ते जिन्याखालून ओरडत.

सांगलीला डिप्लोमा करून ते तरुणपणीच इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ड्रेनेज खात्यात राहिले. कुठे पाणी तुंबलं की त्यांना बोलावणं यायचं. "जन्मभर लोकांच्या अंगणातलं पाणी काढून दिलं," ते म्हणत. "एक तरी जागा अशी पाहिजे, जिथलं पाणी काढायचं नाही."

ती जागा त्यांना नोकरीतच सापडली होती. स्लाऊपासून बसने अर्ध्या तासावर आणि मग मैलभर चालत, एका शेतकऱ्याची मेंढ्यांची कुरणं होती. त्यातल्या एका कुरणातलं पाणी वर्षानुवर्षं हटत नव्हतं. शेतकरी तेव्हा तरुण होता आणि भडक माथ्याचा. त्याने कौन्सिलकडे तक्रारींचा भडिमार केला म्हणून काकांना पाठवलं. काका कुरणाभोवती दोनदा फिरले, गाडीत बसून जुना नकाशा उघडला आणि त्यांच्या लक्षात आलं की हे पाणी चौकोनात उभं आहे.

"पाणी आपणहून चौकोनात साचत नाही," ते सांगत. "कुणीतरी साचवलं तरच साचतं."

त्यांनी अहवालात लिहिलं की निचऱ्याची गरज नाही. साहेबाने झापलं, शेतकऱ्याने शिव्या दिल्या. काकांनी अहवाल बदलला नाही, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतःच्या वेळात जाऊन पाण्याची खोली मोजून आले. तेव्हापासून प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार खंदकाचा. काकूंना म्हणे त्यांनी लग्नाच्या वाढदिवशीही तिथेच नेलं होतं. शिव्या देणारा शेतकरी हळूहळू चहा देऊ लागला. काकांना तो डॉक्टर म्हणायचा. "डॉक्टर, पेशंट कसा आहे?" असं शेडच्या दारातून विचारायचा, आणि काका गंभीरपणे इंच सांगायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा निराश झाले, हे कबूल करायला हवं. एक ओलं कुरण. मधोमध बॅडमिंटनच्या दोन-तीन कोर्टांएवढा गवताचा उंचवटा. त्याच्या चारही बाजूंनी कुठे दहा, कुठे पंधरा फूट रुंद, हिरवट, हलत नसलेलं पाणी. पूर्वेला आत जायला मातीचा एक बांध. काका बांधाच्या तोंडाशी थांबले, बुटांचे तळवे गवतावर पुसले आणि म्हणाले, "ये. पाटलांच्या घरी आलीस."

तेराव्या शतकाच्या सुमाराला इथे कुणी सुखवस्तू माणूस राहत असावा. त्याचं नाव कुठल्याच कागदात मिळालेलं नव्हतं म्हणून काकांनी त्याला पाटील करून टाकलं होतं. या उंचवट्यावर पाटलांचं लाकडी घर, मागे स्वयंपाकाची खोपटी, गोठा, आणि भोवती हाताने खणलेला खंदक. अशा खंदकाच्या जागा इंग्लंडच्या चिकणमातीच्या मुलखात पुष्कळ आहेत आणि बहुतेक लोक त्यांच्या बाजूने कुत्री फिरवत निघून जातात.

"हल्ल्याच्या भीतीने खणला असेल?" मी विचारलं.

"कोण येतंय हल्ला करायला? मेंढ्या?" काका म्हणाले. "आपल्याकडे चार पैसे आले की फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवतात ना? तसं. शेजाऱ्याला दिसलं पाहिजे. वर मासे मिळतात, गुरं बाहेर जात नाहीत, अंगण कोरडं राहतं. पाटील हुशार होते."

त्यांची मोजणी ठरलेली असे. खंदकात तीन खुंट्या होत्या, उत्तरेला, पूर्वेला आणि दक्षिणेला. प्रत्येक खुंटीशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी पाण्यात सोडायची, आकडा मोठ्याने म्हणायचा, वहीत लिहायचा. मग डब्यातलं थालीपीठ, थर्मासमधला चहा. निघताना बुटांवरची माती खंदकाच्याच पाण्याने धुवायची, कारण दुसऱ्याची माती आपल्या घरी न्यायची नाही. बसमध्ये ती काठी उभी धरून ते बसत. ड्रायव्हर ओळखीचे झाले होते. एक पंजाबी ड्रायव्हर तर काठीचंही तिकीट काढा म्हणून दर वेळी चिडवायचा.

गुडघ्यापर्यंतचे हिरवे रबरी बूट हा त्यांचा कायमचा पोशाख होता. ईलिंगच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा गणपती असायचा, तेव्हा दाराशी चपलांच्या आणि नव्याकोऱ्या बुटांच्या गर्दीत ते दोन हिरवे बूट उभे दिसले की काका आत आहेत हे कळायचं.

"काका, आरतीला तरी नीट बूट घालून यावं," एखादी वहिनी म्हणायची.

"आरतीला बूट काढूनच उभा राहतो की मी," काका म्हणायचे.

आणि नियम एकच. तो त्यांनी मला पहिल्याच रविवारी सांगितला होता आणि नंतर प्रत्येकाला सांगत. बघायचं, मोजायचं, लिहायचं, हात लावायचा नाही. मी तो पाठ केला होता. का, असं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघंही कमी बोलणारी माणसं, आणि तेव्हा मला ते आमच्यातलं सुख वाटायचं.

मंडळात मंदार म्हणून एक आहे. पुण्याचा, स्लाऊतच एका सॉफ्टवेअर कंपनीत. पुण्यात असताना तो दर शनिवारी गडांवर जाऊन श्रमदान करायचा. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांमधला गाळ उपसायचा, पायऱ्या मोकळ्या करायच्या. इथे आल्यावर त्याचे हात शिवशिवत होते. एकदा तो दहा-बारा जणांना घेऊन खंदक बघायला आला.

"काका, बुरूज कुठेय?"

"बुरूज नाही."

"तटबंदी?"

"नाही."

"मग आहे काय?"

"घर होतं. माणसं राहायची, जेवायची, झोपायची. एवढंच."

मंदार पाण्याकडे बघत राहिला. "पण केवढा गाळ साठलाय काका! कुणी लक्षच देत नाही." त्याच्या आवाजात खरा कळवळा होता. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, खरंच, काकांनी एवढी वर्षं या जागेला जीव लावला आणि ही अशी शेवाळलेली.

पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. काकांना सप्टेंबरात पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. त्याआधीचा आठवडा ते एडिनबराला मुलीकडे जाणार होते. मीच मंदारला फोन केला. मीच शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "साफ करताय? करा की, माझी बदकं खूश होतील." आणि कुठे खणायचं, तेही मीच ठरवलं. उत्तर, पूर्व आणि दक्षिणेला काकांच्या खुंट्या होत्या, तिथे काकांचं काम चालतं. पश्चिमेला खुंटी नव्हती. तिथे हात लावला तर नियम मोडणार नाही, असं मला वाटलं.

शनिवारी आम्ही अकरा जण होतो. फावडी, घमेली, बादल्या. मंदारने साखळी लावली, गडावर लावतात तशी. काळाभोर, वास मारणारा गाळ हातोहात वर येत होता. हसणं, घोषणा, मध्येच कुणीतरी घसरून पडणं. संध्याकाळपर्यंत नऊ फूट लांबीचा तुकडा चार फूट खोल मोकळा झाला. त्यात स्वच्छ पाणी भरलं आणि त्यात आभाळ दिसायला लागलं. आम्ही त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला. त्या फोटोत मी इतकी आनंदात आहे की आजही तो मला बघवत नाही.

रविवारी मंदारने काकांना स्टेशनवरून थेट गाडीने तिथे आणलं. केक होता, कुणीतरी फुगे बांधले होते. "सरप्राईज!" सगळे ओरडले.

काकांनी ते मोकळं पाणी बघितलं.  मग विचारलं, "माती कुठे टाकलीत?"

आम्ही उंचवट्याच्या उतारावरचा ढीग दाखवला. वर ऊन पडलं होतं, ढीग कडेने वाळायला लागला होता. काका तिकडे गेले. अंगातला कोट काढला. एडिनबराला जायचं म्हणून घेतलेला, नवा, लोकरीचा. तो त्यांनी खंदकाच्या पाण्यात बुडवला आणि ओलाच ढिगावर पसरला. "वाळू देऊ नका," एवढंच म्हणाले. मग परत आले, केक कापला, प्रत्येकाला आपल्या हाताने भरवला, सगळ्यांचे आभार मानले. कुणाला काही कळलं नाही. मला थोडं कळलं, कारण बांधाशी बूट न पुसता ते उंचवट्यावर चढले होते.

परतताना गाडीत आम्ही तिघंच होतो. एका सिग्नलला काका म्हणाले, "मंदार, गडावरच्या टाक्यातला गाळ काढून तुम्ही कुठे टाकता?"

"दरीत टाकतो काका."

"हं."

दिवा हिरवा झाला. मग काका बोलायला लागले, मास्तर फळ्यावर सांगतात तसे. पाण्याखालच्या चिखलाला हवा लागत नाही. हवा नाही म्हणून कुजणं नाही. पाटलांच्या घरातून जे जे खंदकात पडलं, चामडं, लाकूड, फळांच्या बिया, ते सगळं त्या चिखलात थरावर थर बसलेलं असतं, सर्वांत जुनं तळाला. घर तर गेलंच, लाकूडच ते. त्या माणसांबद्दल जे काही लिहिलेलं उरलंय, ते या गाळातच. आणि पश्चिमेला त्यांचा स्वयंपाक होता. खरकटं, फुटकं-तुटकं सगळं तिकडे पडत असणार.

"म्हणून तिथे मी खुंटीसुद्धा मारली नाही," ते म्हणाले.

मंदारने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.  मग तो जवळजवळ ओरडलाच, "अहो काका, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तेच मी मघापासून स्वतःला विचारतोय," काका म्हणाले.

घरी आल्यावर मी रडले. काकांनी चहा टाकला. मी म्हटलं, मी दुसरी खोली बघते. ते म्हणाले, "बघ. पण शनिवारी यावं लागेल. एवढी माती एकटा कधी चाळू मी?"

तो सगळा हिवाळा आम्ही शेतकऱ्याच्या शेडमध्ये माती चाळली. काका, मी आणि मंदार. मंदारने एकही शनिवार चुकवला नाही. बादलीभर गाळ घ्यायचा, पाण्याच्या हळू धारेखाली धरायचा, चाळणीत काय राहतं ते बघायचं. पहिल्या दिवशी काकांनी घरातली पिठाची चाळणी आणली होती, काकूंची. बोटं बधिर व्हायची. हेझलनटची टरफलं निघाली, आंबट चेरीसारख्या फळाच्या बिया, लाकडी चमच्याचा तुकडा. आणि एक दिवस माझ्या चाळणीत पायताणाचा चामडी तळवा आला. डाव्या पायाचा, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली.

काकांनी तो ओल्या कापडावर घेतला आणि खूप वेळ निरखला. "पाटील फेंगडे चालायचे," ते म्हणाले. मंदार हसला. मलाही हसू आलं, त्या महिन्यांत पहिल्यांदा.

मग काका म्हणाले, "पान सापडलं. पण आता कितवं, ते कळायचं नाही."

हे ते मला लावून बोलले नाहीत. तळवा कोणत्या थरात होता, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, इतकंच ते सांगत होते. मी लायब्ररीतली बाई. मला ते जसं समजलं, तसं दुसऱ्या कुणाला समजलं नसतं, हे त्यांना माहीत असावं.

त्याच वसंतात शेतकऱ्याने शेत विकायला काढलं. त्याचे गुडघे गेले होते आणि मुलं शहरात. विचारायला येणाऱ्यांपैकी एकाला घोड्यांसाठी सपाट कुरण हवं होतं. खंदक बुजवायला किती डंपर लागतील, असं त्याने काकांच्या देखतच विचारलं. बुजवायला कायद्याची आडकाठी नव्हती. ही जागा संरक्षित स्मारकांच्या सरकारी यादीत कधी गेलीच नव्हती. एकदा त्या यादीत नाव लागलं की परवानगीशिवाय तिथे कुणाला फावडं लावता येत नाही, मालकालाही. काकांनी पूर्वी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर आलं होतं की पुरेशी माहिती नाही.

"माहिती कशी नाही?" मी म्हटलं. "तुमच्या वह्या आहेत की."

वह्या एकोणीस होत्या, दोनशेपानी, पुण्याहून आणलेल्या. पहिल्या रविवारापासून प्रत्येक महिन्याची तिन्ही खुंट्यांची खोली, पाऊस किती, पाण्याचा रंग, कुठे कड ढासळली, कुठे मेंढ्यांनी तुडवलं. इंग्लंडातल्या त्या खंदकाची एवढी सलग नोंद दुसरीकडे कुठेही नव्हती, आणि ती सगळी मराठीत होती. आकडेसुद्धा.

"मराठीत का लिहिलंत काका?"

"मला काय माहीत कुणी मागेल म्हणून!"

मी त्या वह्या इंग्रजीत उतरवायला घेतल्या. संध्याकाळी लायब्ररीतून आले की जेवणाच्या टेबलावर बसायचे. मध्येच अडखळले की काकांना विचारायचे. एका पानावर लिहिलं होतं, "उत्तर दोन इंच कमी. हिची आठवण." मी विचारलं, हे घालू का?

"वगळ. त्यांना पाण्याशी कर्तव्य आहे." ते स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज झाला. मग तिकडूनच म्हणाले, "अगं, वगळू नकोस. कंसात टाक."

अठराव्या वहीत मी सप्टेंबरातल्या त्या रविवारापाशी आले. ते पान मी बरेच दिवस टाळत होते. काकांनी लिहिलं होतं: "पश्चिम बाजू. लांबी नऊ फूट, खोली चार. काल खोदलं. माणसं अकरा. सगळ्यांनी मनापासून काम केलं. हात लावू नका असं मी सर्वांना सांगत आलो, का ते एकदाही सांगितलं नाही. चूक माझी."

मी पेन खाली ठेवलं. काका समोर मेथी निवडत होते.

मंदारचं मत होतं की ते पान पाठवू नये. "काका, पाणी भरलंय आता. कुणाला दिसणारही नाही. त्यांनी खराब झालेली जागा म्हणून नाकारलं तर? घोडेवाला उद्या डंपर आणेल."

"पाण्याखालचं दिसत नाही म्हणून तर मला जन्मभर पगार मिळाला," काका म्हणाले.

"पण अख्खा खंदक जाईल हो!"

"जाऊ शकतो," काका म्हणाले.  चार दशकांचे पहिले रविवार त्या वाक्यात होते. "पण एक पान फाडलं ते फाडलं. आता दुसरं मी मुद्दाम फाडू?" मग माझ्याकडे वळले. "आहे तसं उतरव. फक्त तुझ्या मनाने त्यात तुझं नाव घालू नकोस. मी घातलेलं नाही."

मी आहे तसं उतरवलं आणि तिसऱ्या अर्जासोबत पाठवलं.

स्मारकांच्या सरकारी खात्याकडून बाई आली ती मे महिन्यात. चाळिशीची, शांत, काकांच्यासारखेच हिरवे बूट घातलेली. तिने मूळ वह्या बघायला मागितल्या, दोन-चार पानं उलटली, त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे मला वाचता येत नाही, पण हा माणूस दर महिन्याला आला होता एवढं कळतं." मग ती आमच्या नऊ फुटांपाशी गेली.  ती गुडघ्यावर बसली, खोदलेल्या कडेचा पाण्याच्या वर दिसणारा काप थोडा धुतला. चिखलात एकाखाली एक रेषा दिसत होत्या, काळी, करडी, परत काळी. तिने त्यांचे नमुने घेतले. चामड्याचा तळवा बघितला.

"हे व्हायला नको होतं," ती म्हणाली.

"बरोबर," काका म्हणाले.

"ज्याने केलं, त्याने लपवलं असतं तर मला इथे बघायचं सुचलंही नसतं."

 काकांनी तिला थालीपीठ दिलं.

पत्र आलं तेव्हा काकांना खोकला लागलेला होता. दिवाळीनंतरचे दिवस. त्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं, "वाच," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी वाचलं. जागा यादीत घेतली होती. चारही बाजू, मधला उंचवटा, बांध. पश्चिमेच्या नऊ फुटांचा उल्लेख होता: अलीकडच्या काळात हानी झालेला भाग, तरीही त्याच्या खालचा थर शाबूत.

"परत वाच," ते म्हणाले.

"सगळं?"

"शेवटचं."

मी परत वाचलं. "खालचा थर शाबूत," ते स्वतःशी म्हणाले. मग, "काय ग्रंथपाल, चहा टाकू का?" आणि उठायला गेले तर उठता आलं नाही. चहा मीच टाकला. त्यानंतरच्या जानेवारीत ते वॉर्डात गेले.

त्यांची मुलगी एडिनबराहून आली. ती तिकडे डॉक्टर आहे, इथेच वाढली. घर आवरताना ती एकेक वस्तू हातात घेऊन बसायची. "बाबा मला लहानपणी त्या फील्डमध्ये न्यायचा. मला खूप बोअर व्हायचा," ती म्हणाली. "मी म्हणायची, बाबा, यू आर वेटिंग फॉर व्हॉट? तो म्हणायचा, नथिंग, मी फक्त बघतोय." ती थोडी हसली, डोळे पुसले. "तुला काय पाहिजे? काहीही घे."

"बूट," मी म्हटलं. "आणि काठी."

"तो स्मेली बूट्स?" मग तिने माझ्याकडे बघितलं आणि ते स्वतःच्या हाताने धुऊन मला दिले.

पत्र आलं त्याच महिन्यात शेत घोडेवाल्यानेच घेतलं. तो वाईट माणूस नाही. काका गेल्यानंतरच्या रविवारी मी काठी घेऊन गेले तेव्हा तो फाटकाशी आला आणि जरा चिडूनच म्हणाला की हात लावायचा नाही म्हणून त्याला पत्र आलंय, पण त्या चिखलात एवढं आहे तरी काय. मी त्याला पाण्याशी नेलं. हवेचं सांगितलं, थरांचं सांगितलं, पाटलांच्या टाचेचं सांगितलं. आमच्या नऊ फुटांचंही सांगितलं, आणि ते मी केलं हेही. तो बराच वेळ ऐकत होता. आता तो कुंपणापाशी घोड्यांना पलीकडे वळवतो. नवीन कुणी बघायला आलं की मी नियमाआधी कारण सांगते.

विसावी वही मी सुरू केली आहे. मराठीतच लिहिते. मंदार कधीकधी सोबत येतो आणि आकडा मोठ्याने म्हणतो.

खंदकाला चारही बाजूंनी पाणी आहे. खुंट्या तीन आहेत, पश्चिमेला नाही. काकांचे बूट मला दोन नंबर मोठे होतात. मी आतून दोन जोड मोजे घालते.